फिरंग्यांची टेकडी आणि निर्वासितांचे बंदर

ग्रीस देशातील पिरेअस बंदरातून सुटलेली बोट आग्नेय दिशेस सुमारे चार तास चालली की सिरोस नावाचे बेट दिसू लागते. वेगवान बोटी याहून लवकर पोहोचवतात. परंतु ज्यास या बेटाचा इतिहास वाचायचा आहे, त्याने संथ बोटीने जावे आणि बंदर जवळ येताच वरच्या डेकवर उभे राहावे. समोर दोन टेकड्या दिसतात. डावीकडच्या टेकडीवर घरांची उतरंड चढत चढत संत जॉर्जच्या कॅथेड्रलपाशी संपते. ते आनो सिरोस, म्हणजे वरचे सिरोस. उजवीकडच्या टेकडीचे नाव व्राँतादो. तिच्या माथ्यावर प्रभूच्या पुनरुत्थानाचे ऑर्थोडॉक्स मंदिर आहे. दोहोंच्या पायथ्याशी, धक्क्यापासून वर सरकत गेलेले जे भव्य नगर दिसते ते एर्मूपोली. डावी टेकडी कॅथलिकांची, उजवी ऑर्थोडॉक्सांची, असे प्रवासी पुस्तकांतून एका वाक्यात सांगितलेले असते. ते खोटे नव्हे. तथापि ही दोन शिखरे समोरासमोर कशी आली, हे त्या वाक्यात सांगितलेले नसते, आणि आमचे कुतूहल नेमके तेथेच होते.

प्रथम एका शब्दाचा उलगडा केला पाहिजे. ग्रीक लोक आपल्यातील कॅथलिकांना परंपरेने 'फ्रांगोस' म्हणत आले. फ्रांगोस म्हणजे फ्रँक. पश्चिमेकडून आलेला जो कोणी असेल, मग तो फ्रान्सचा असो वा व्हेनिसचा, पूर्वेकडच्या लोकांच्या लेखी तो फ्रँकच. हाच शब्द अरबीतून फारसीत आणि फारसीतून आपल्याकडे आला व मराठीत 'फिरंगी' झाला. आपल्या बखरींतला फिरंगी म्हणजे पोर्तुगीज. त्यांच्या धाटणीच्या तलवारीलाही आपण 'फिरंग' म्हटले. गंमत अशी की ग्रीक भाषेत निवडुंगाच्या बोंडालाही 'फिरंगी अंजीर' अशाच अर्थाचे नाव आहे, कारण तेही पश्चिमेकडून आलेले. परंतु सिरोसचा कॅथलिक हा बहुतांशी पश्चिमेकडून आलेला नव्हे. त्याची मातृभाषा ग्रीक, शेत ग्रीक, गाणे ग्रीक; केवळ त्याची मिस्सा लॅटिन परंपरेची आणि निष्ठा रोमच्या पीठाशी. तेवढ्यावरून तो आपल्याच देशात कित्येक शतके फिरंगी ठरला. वसईच्या आणि उत्तर कोकणच्या वाचकांस हे अधिक फोड करून सांगण्याची आवश्यकता नसावी. १७३९ मध्ये फिरंगी गेले. ख्रिस्ती मात्र येथेच राहिले, कारण ते येथलेच होते.

सिरोसवर हे कसे घडले? १२०४ मध्ये चौथ्या धर्मयुद्धातील सैन्याने जेरुसलेमची वाट सोडून कॉन्स्टँटिनोपल हे ख्रिस्ती नगरच लुटले. ख्रिस्तसभेच्या इतिहासातील हे एक लांच्छन होय. पोप दुसरे जॉन पॉल २००१ च्या मे महिन्यात अथेन्सला गेले असता त्यांनी कॅथलिकांच्या हातून ऑर्थोडॉक्स बांधवांविरुद्ध घडलेल्या पापांबद्दल देवाकडे क्षमा मागितली, आणि त्या लुटीचा नामनिर्देशही केला. लुटीनंतर साम्राज्याचे तुकडे पडले. मार्को सानुदो या व्हेनिसच्या सरदाराने १२०७ च्या सुमारास नाक्सोस बेट राजधानी करून एजियन समुद्रातील बेटांची एक 'डची' स्थापन केली. सिरोस तिच्यात आले. चाच्यांचा उपद्रव मोठा होता. म्हणून वस्ती समुद्रकाठी न करता टेकडीच्या माथ्यावर केली. घराला घर चिकटवले, बाहेरच्या घरांच्या भिंती हाच कोट झाला, आणि आत शिरण्यास मोजक्या वेशी ठेवल्या. आनो सिरोसची ती घडण आजही बदललेली नाही.

१५३७ मध्ये बार्बारोसा या तुर्की आरमारप्रमुखाने ही बेटे झोडपली आणि त्या शतकातच ती सुलतानाच्या अमलाखाली गेली. व्हेनिसचे सरदार गेले, परंतु सिरोसच्या लोकांनी आपली मिस्सा सोडली नाही. पुढे फ्रान्सच्या राजाने सुलतानाशी असलेल्या करारांच्या आधारे पूर्वेकडील कॅथलिकांच्या संरक्षणाचा अधिकार मिळवला, आणि त्या छत्राखाली १६३० च्या दशकात कपुचिन संन्यासी, तर १७४४ मध्ये येशूसंघीय धर्मगुरू बेटावर येऊन स्थिरावले. हे छत्र सदैव पुरे पडत असे असे मात्र नाही. १६१७ मध्ये तुर्कांनी सिरोसचे बिशप आंद्रेआ कार्गा यांना फाशी दिले. १७०० च्या सुमारास तूर्नफोर हा फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ या समुद्रात हिंडला. साऱ्या बेटांत सिरोसइतके कॅथलिक बेट दुसरे नाही, अशी नोंद त्याने करून ठेवली. त्या काळी तेथे ग्रीक पंथाची घरे बोटांवर मोजण्याइतकी होती आणि खालचा बंदराचा किनारा जवळजवळ उजाड होता.

मग १८२१ साल उजाडले. ग्रीकांनी तुर्की सत्तेविरुद्ध स्वातंत्र्याचे युद्ध पुकारले. शेजारची बेटे पेटून उठली. सिरोसचे कॅथलिक मात्र तटस्थ राहिले. या तटस्थतेबद्दल त्यांस पुढे फार ऐकून घ्यावे लागले, आणि ग्रीक देशभक्तांचा राग आम्हांस समजतो. परंतु टेकडीवरच्या माणसाच्या जागी स्वतःस ठेवून पाहावे. ज्या युद्धाच्या निशाणावर ऑर्थोडॉक्स धर्म आणि राष्ट्र ही एकच गोष्ट म्हणून लिहिलेली होती, त्यात 'फिरंग्या'चे स्थान कोणते? उद्या सुलतान जिंकला तर फ्रान्सचा झेंडा आपणास वाचवील. बंडवाले जिंकले तर कोण वाचवील? त्यांनी भीतीने हिशेब केला. तो शूराचा नव्हता, पण त्यास द्रोह म्हणणे न्यायाचे होणार नाही.

आणि गंमत पाहा, किंबहुना विधिलिखित म्हणा; त्या तटस्थतेमुळेच सिरोसचा किनारा या युद्धात सुरक्षित राहिला, आणि सुरक्षित राहिला म्हणून ज्यांची सर्वस्वे जळाली ते सारे तेथे धावले. १८२२ मध्ये खिऑस बेटावर तुर्कांनी भीषण कत्तल केली. हजारो माणसे मारली, हजारो गुलाम म्हणून विकली. हे तेच खिऑस, जे 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात संत पौलाच्या परतीच्या सागरप्रवासात येते. १८२४ मध्ये प्सारा आणि कासोस ही बेटे उद्ध्वस्त झाली. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील स्मर्ना व किदोनिए या नगरांतूनही ग्रीक कुटुंबे निघाली. कोणी होडीतून, कोणी अंगावरच्या वस्त्रांनिशी, ही माणसे सिरोसच्या उजाड बंदरावर उतरली. ही सारी ऑर्थोडॉक्स होती. वरच्या आळीतील कॅथलिक शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहावे तर एका सकाळी त्याच्या पायथ्याशी परक्या पंथाचे एक गावच येऊन बसले होते. जमिनी त्याच्या, झोपड्या त्यांच्या. कुरबुरी झाल्या नसत्या तरच नवल. तथापि त्यांना समुद्रात लोटले गेले नाही, ही गोष्टही इतिहासातच जमा आहे.

निर्वासितांनी १८२४ मध्ये रूपांतराचे मंदिर उभारले, आणि १८२६ मध्ये आपल्या वस्तीस नाव दिले एर्मूपोली, म्हणजे हर्मीसचे नगर. हर्मीस हा प्राचीन ग्रीकांचा व्यापाराचा देव. नुकतेच ज्यांनी धर्मासाठी सर्वस्व गमावले त्या ख्रिस्ती माणसांनी आपल्या गावास एका जुन्या मूर्तिपूजक देवाचे नाव द्यावे, याचे आम्हांस प्रथम आश्चर्य वाटले. पण ती माणसे खिऑसची होती, पिढीजात व्यापारी. ज्या विद्येवर पोट भरायचे तिचेच नाव त्यांनी गावाला दिले.

आणि त्या विद्येने त्यांस दगा दिला नाही. पुढची पन्नास वर्षे एर्मूपोली हे ग्रीसचे अग्रगण्य बंदर होते. काळ्या समुद्रातील धान्य, इंग्लंडचे कापड, पूर्वेचे चामडे व रेशीम या धक्क्यावर उतरे आणि पुन्हा चढे. आगबोटींचा काळ आला तसा कोळशाचा साठा येथे झाला. १८५० च्या दशकात ग्रीसची पहिली आगबोट कंपनी येथे निघाली. १८६१ मध्ये तिची 'नेओरिओन' ही गोदी सुरू झाली. या गोदीतील हातोड्यांचा आवाज आजही बंदरात शिरणाऱ्यास ऐकू येतो. १८६४ मध्ये इटालियन धाटणीचे अपोलो नाट्यगृह उघडले. १८७६ मध्ये एर्न्स्ट झिलर या जर्मन वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार नगरभवनाचे काम सुरू झाले. एवढ्याशा बेटास एवढे नगरभवन कशास, असे पाहणाऱ्यास वाटते; पण ज्यांच्याजवळ एके काळी छप्पर नव्हते ते असेच बांधतात. मुंबईत फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांची उमेद ज्यांनी पाहिली आहे त्यांस हे कळेल.

धक्क्यावरून या नगरभवनापर्यंत चालत पाच-सात मिनिटे लागतात. समोरच्या चौकास आरमारप्रमुख मियाऊलिस याचे नाव आहे, आणि चौकातली फरसबंदी संगमरवरी असून पावलांनी गुळगुळीत झालेली आहे. पावसात जपून चालावे. येथून पूर्वेस गेले की व्हापोरिया, म्हणजे 'जहाजांची आळी', लागते. जहाजमालकांच्या माड्यांचे पाय थेट समुद्रात बुडालेले आहेत आणि मध्ये संत निकोलस यांचे मोठे मंदिर आहे. संत निकोलस हे खलाशांचे आश्रयदाते संत. तेव्हा ही आळी त्यांची असणे ओघानेच आले. धक्क्याच्या मागच्या गल्ल्यांत मात्र मरियामातेच्या स्वर्गवासाचे एक साधे मंदिर आहे. ते प्साराच्या निर्वासितांनी बांधले. तेथे भक्तांनी कित्येक वर्षे चुंबिलेल्या, धुराने काळवंडलेल्या एका प्रतिमेवर १९८३ मध्ये चित्रकाराची सही आढळली: दोमेनिकोस थिओटोकोपूलोस. हा क्रीट बेटावरचा तरुण पुढे स्पेनमध्ये 'एल ग्रेको' या नावाने जगप्रसिद्ध झाला. सर्वस्व सोडून पळणाऱ्यांनी होडीत काय घेतले असेल, या प्रश्नाचे एक उत्तर त्या भिंतीवर आहे.

आता बेटावर हिंडण्याविषयी. सिरोस हे सुमारे ८४ चौरस किलोमीटरचे बेट. म्हणजे एका दिवसात वळसा घालून परत येता येते. बसगाड्या धक्क्याजवळूनच सुटतात आणि गालिसास, फिनिकास, किनी, वारी अशी किनाऱ्यावरची गावे जोडतात. दक्षिणेकडील एका गावाचे अधिकृत नाव पोसिडोनिया. पण लोक त्यास 'देलाग्रात्सिया' म्हणतात, आणि ते नाव तेथील कृपामातेच्या देवळावरून पडलेले आहे. बेटावरील अनेक खेड्यांत कॅथलिकच बहुसंख्य आहेत. आपल्या प्रांतातून गेलेल्या वाचकास प्रत्येक वळणावर पांढरी लहान देवळे पाहून घरची आठवण येईल. उत्तरेचा भाग खडकाळ, निर्जन. तेथे बसचा उपयोग नाही.

आनो सिरोसला जाण्याचे दोन मार्ग आहेत. एक, धक्क्यावरून बसने जाऊन वरच्या वेशीपाशी उतरावे. दुसरा, चौकाच्या मागून पाखाडी चढत जावे. शेकडो पायऱ्या आहेत. उन्हाळ्यात सकाळी लवकर निघावे. आमच्या वयाच्या माणसांनी बसने वर जावे आणि पायी उतरावे, हा आमचा स्वानुभवाचा सल्ला. वेशीच्या आत वाहन जात नाही. मुख्य गल्लीस आजही इटालियन भाषेवरून 'पियात्सा' म्हणतात. कोठे कोठे वरच्या मजल्याची खोली गल्लीवरून पलीकडे गेलेली असते आणि आपण कोणाच्या तरी स्वयंपाकघराखालून चालत असतो. वाटेत कपुचिनांचा संत योहानाचा मठ लागतो. येशूसंघीयांचे कार्मेलमातेचे देऊळ लागते. सर्वांत वर संत जॉर्ज. कॅथेड्रलची आजची वास्तू एकोणिसाव्या शतकातील आहे. त्यापूर्वीची अनेकदा पडली व पुन्हा उभी राहिली.

कॅथेड्रलच्या ओट्यावरून खाली पाहिले म्हणजे एर्मूपोली पूर्णपणे पायाशी दिसते, आणि समोर व्राँतादोवरील मंदिर डोळ्यांच्या रेषेत येते. व्राँतादो हे नावही खिऑसच्या लोकांनी बरोबर आणलेले; त्यांच्या बेटावरील एका गावाचे ते नाव. वरच्या आळीने खालच्या आळीस आपल्या डोळ्यांदेखत वाढताना पाहिले. १८३० च्या लंडन करारात नव्या ग्रीक राज्यातील कॅथलिकांस धर्मस्वातंत्र्याची हमी मिळाली आणि फ्रान्सचे संरक्षण त्याबरोबर संपले. म्हणजे येथून पुढे टेकडीवरच्या माणसाने परक्या राजाकडे पाहायचे नाही, शेजाऱ्याकडे पाहायचे, असे ठरले. कागदावर हे सोपे होते. प्रत्यक्षात दोन पिढ्या एकमेकांकडे संशयाने पाहण्यात गेल्या. परंतु वरच्या आळीतील पोरे खालच्या गोदीत कामास जाऊ लागली, गवळी दूध घेऊन पायऱ्या उतरू लागले आणि लग्ने जुळू लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पिरेअस पुढे गेले. १८९३ मध्ये कॉरिंथचा कालवा उघडला आणि जहाजांच्या वाटा बदलल्या. एर्मूपोलीची श्रीमंती ओसरली. पुढे १९४१-४२ च्या हिवाळ्यात इटालियन ताब्यात असलेल्या या बेटावर अशी उपासमार झाली की हजारो माणसे मेली. भुकेने टेकडी पाहिली नाही.

हे संशयाचे दिवस सरल्याची खूण आम्हांस एका गाण्यात दिसली. आनो सिरोसच्या एका गरीब कॅथलिक घरात १९०५ मध्ये मार्कोस वाम्वाकारिस जन्मला. पोरवयातच तो पिरेअसला पळाला, तेथे कोळसा वाहिला, पुढे कत्तलखान्यात काम केले, आणि बुझुकी हे तंतुवाद्य शिकून 'रेबेतिको' या गोरगरिबांच्या संगीताचा थोर आचार्य झाला. १९३५ मध्ये त्याने एक गीत रचले. त्याचे नाव 'फ्रांगोसिरियानी', म्हणजे सिरोसची फिरंगीण. गीत प्रेमाचे आहे. प्रियकर मुलीस घेऊन बेटभर हिंडण्याची मनोराज्ये करतो आणि एकेका गावाचे नाव घेत जातो. बसच्या पाट्यांवरची कित्येक नावे त्यात आहेत. आज साऱ्या ग्रीसमध्ये, लग्नात आणि खानावळीत, ऑर्थोडॉक्स माणसे हे गीत गातात. जो शब्द हिणवण्यास होता तो लाडाचा झाला. वरच्या आळीत मार्कोसचे घरगुती साहित्य जपलेले लहानसे संग्रहालय आहे.

बंदरावरून निघताना लोक लुकूमीच्या पेट्या विकत घेतात. पिठीसाखरेत घोळलेली, गुलाबाच्या वासाची ही मऊ वडी निर्वासितांनीच या बेटावर आणली. एके काळी पांढऱ्या पोषाखातले विक्रेते वेताच्या पाट्या घेऊन बोटींवर चढत असत. घरी आणण्यास हाच खाऊ बरा. टिकतो आणि प्रवासात सांडत नाही.

राहिली ईस्टरची गोष्ट. रोम ग्रेगोरियन पंचांगावरून ईस्टर ठरवते, ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभा ज्युलियन गणनेवरून. त्यामुळे दोन सणांत कधी एक आठवड्याचे, कधी पाच आठवड्यांचे अंतर पडते. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६४ मध्ये पौर्वात्य ख्रिस्तसभांविषयीच्या आदेशनाम्यात, एकाच प्रदेशातील ख्रिस्ती लोकांनी एकाच रविवारी ईस्टर साजरा करण्याचे आपसांत ठरवावे, यास मोकळीक दिली. सिरोसच्या कॅथलिकांनी ऑर्थोडॉक्सांची तारीख घेतली. घराघरांत दोन पंथ नांदत असता आईचा उपवास आणि बापाचा सण एकाच दिवशी यावेत, हे कोणास रुचेल? २०२४ मध्ये जगभरच्या कॅथलिकांनी ३१ मार्चला ईस्टर साजरा केला. सिरोसच्या टेकडीवरील घंटा ५ मे रोजी, समोरच्या टेकडीच्या घंटांबरोबर वाजल्या. गुड फ्रायडेच्या रात्री फुलांनी सजवलेली प्रभूची शवपेटिका मिरवणुकीने निघते. वरच्या आळीत कॅथलिकांची निघते, खाली ऑर्थोडॉक्स धर्मग्रामांच्या पेटिका मियाऊलिस चौकात एकत्र येतात, आणि लोक दोन्हीकडे जातात. तेव्हा या सणास जाऊ इच्छिणाऱ्या वाचकाने आपल्या घरच्या कॅलेंडरावरील ईस्टर पाहून तिकीट काढू नये. ऑर्थोडॉक्स तारीख पाहावी, आणि जागा बरीच आधी राखून ठेवावी; त्या आठवड्यात पिरेअसहून येणाऱ्या बोटी गावी परतणाऱ्यांनी भरून येतात.